रॉकी एरिक्सन : गायक, कायदा आणि वेडाची आख्यायिका

१

अमेरिकेतील टेक्सस राज्याची राजधानी जे ऑस्टिन शहर, तेथे १९६५ च्या अखेरीस ‘द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ या नावाचा एक वाद्यवृंद स्थापन झाला. त्याचे खरे कार्यशील आयुष्य तीन वर्षांपेक्षा फारसे अधिक नाही. तथापि ज्या संगीतप्रकाराला पुढे ‘सायकेडेलिक रॉक’ असे नाव मिळाले, त्याच्या आद्य प्रवर्तकांत या वृंदाची गणना होते. त्याचा मुख्य गायक रॉकी एरिक्सन होय. १९४७ साली जन्मलेला हा गायक २०१९ साली निवर्तला.

एरिक्सनविषयी एक आख्यायिका रूढ आहे. ती अशी, की एक प्रतिभावान तरुण मादक द्रव्यांच्या आहारी गेला, त्याचे चित्त भ्रमिष्ट झाले, आणि त्या भ्रमातूनच त्याचे गाणे निर्माण झाले. ही कथा सांगण्यास सोपी आणि ऐकण्यास रम्य आहे. परंतु घटनांचा क्रम नीट लावून पाहिला तर ती टिकत नाही. त्याचे गाणे आधीचे आहे, आजार नंतरचा आहे. त्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे जितकी आजाराने खाल्ली तितकीच कायद्यानेही खाल्ली. आणि उतारवयात तो सावरला तो कोणत्याही चमत्काराने नव्हे, तर औषधोपचार, देखभाल व हिशेब या अगदी साध्या गोष्टींनी. हे तीन मुद्दे स्पष्ट करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

रॉजर किनर्ड एरिक्सन याचा जन्म १५ जुलै १९४७ रोजी डॅलस येथे झाला. ‘रॉजर’ आणि ‘किनर्ड’ या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘रॉकी’ हे घरगुती नाव तयार झाले व तेच पुढे लोकप्रसिद्ध झाले. वडील वास्तुशिल्पज्ञ होते. आईला गायनाची व चित्रकलेची आवड होती. पाच भावांत रॉकी थोरला. बालपण ऑस्टिन येथे गेले. अगदी लहान वयात पियानो आणि त्यानंतर काही वर्षांनी गिटार, असा त्याचा संगीताचा अभ्यास सुरू झाला. लिट्ल रिचर्ड व जेम्स ब्राउन या कृष्णवर्णीय गायकांच्या तारसप्तकातील आरोळीवजा गायकीचा त्याच्या कंठावर खोल संस्कार झाला. त्याच्या गाण्यात सुरांच्या मध्येच जी तीक्ष्ण किंकाळी उठते, तिचे मूळ या संस्कारात शोधावे लागते. ती रुग्णाची किंकाळी नव्हे, शिकून कमावलेली लकब आहे.

१९६५ साली, शालान्त पदवी हाती पडण्यास जेमतेम महिना उरला असता, त्याने ऑस्टिनमधील ट्रॅव्हिस हायस्कूल सोडले. शाळेच्या नियमाप्रमाणे केस कापावयास तो तयार नव्हता. घटना क्षुल्लक दिसते. पण त्या काळच्या टेक्ससमध्ये लांब केस ही केवळ आवड नव्हती. पोलिसांची नजर कोणावर राहावयाची, हे पुष्कळदा त्यावरूनच ठरे.

त्याच सुमारास ‘द स्पेड्स’ या स्थानिक वृंदासाठी त्याने स्वतः रचलेले ‘यू आर गॉना मिस मी’ हे गीत ध्वनिमुद्रित झाले. पुढे ज्या गीतामुळे त्याचे नाव देशभर झाले ते हेच. तेव्हा त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. एलिव्हेटर्सची स्थापना व्हावयाची होती. आणि ज्या आजाराशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले त्याचे निदान होण्यास आणखी तीन वर्षे अवकाश होता. आख्यायिकेतील पहिला दोष येथेच उघड होतो. कार्य आधी आणि कारण नंतर, असा क्रम तर्काला मान्य होणारा नाही.

३

एलिव्हेटर्सच्या निर्मितीमागील बुद्धी मुख्यतः टॉमी हॉल या तरुणाची होती. तो टेक्सस विद्यापीठात तत्त्वज्ञान व मानसशास्त्र या विषयांचा विद्यार्थी होता. ‘लिंग्समेन’ या वृंदातील गिटारवादक स्टेसी सदरलंड, तालवादक जॉन आइक वॉल्टन व बासवादक बेनी थर्मन यांची एरिक्सनशी गाठ घालून देऊन त्याने नवा वृंद उभा केला. अमेरिकेतील अनेक इमारतींत तेरा हा आकडा अशुभ मानून तेराव्या मजल्याला तो क्रमांकच देत नाहीत. जो मजला कागदोपत्री नाही, तेथे नेणारी लिफ्ट, असा वृंदाच्या नावाचा अर्थ होता.

हॉल स्वतः एक चमत्कारिक वाद्य वाजवीत असे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मद्याच्या रिकाम्या बुधल्यात फुंकर घालून ठेक्याचा घुमारा काढण्याची जुनी लोकरीत आहे. हॉलने त्यात बदल केला. तो बुधल्याच्या तोंडाशी ध्वनिग्राहक धरी आणि फुंकण्याऐवजी कंठातून द्रुत लयीचे अस्फुट स्वर आत सोडी. बुधल्याच्या पोकळीत ते घुमून बाहेर येत व कबुतराच्या घुमण्यासारखा एक अखंड, थरथरता नाद गाण्याच्या पाठीमागे वाहत राही. त्या काळच्या कोणत्याही रॉक वृंदापासून एलिव्हेटर्सचे संगीत कानाला तत्काळ वेगळे पडते ते याच नादामुळे.

‘सायकेडेलिक’ हा शब्द मूळचा संगीतातील नाही. मनोवैद्य हम्फ्री ऑस्मंड याने कादंबरीकार ऑल्डस हक्सली याच्याशी १९५६ साली झालेल्या पत्रव्यवहारात तो घडविला. मन आणि प्रकट होणे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनलेला असून ‘मनाला प्रकट करणारे’ असा त्याचा आशय आहे. ऑस्मंडसमोर जी द्रव्ये होती त्यांत एलएसडी हे प्रमुख. स्विस रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन याने ते १९३८ साली बाझल येथे प्रथम सिद्ध केले आणि १९४३ साली त्याचा मनावरील परिणाम त्याच्या ध्यानात आला. १९६५ साली अमेरिकेत हे द्रव्य बाळगणे गुन्हा ठरलेले नव्हते. कॅलिफोर्नियाने त्यावर १९६६ च्या ऑक्टोबरात बंदी घातली, आणि ते नुसते बाळगण्यावरही संघराज्याची बंदी आली ती १९६८ साली. हा तपशील महत्त्वाचा आहे. कारण पुढे एरिक्सनला कैद भोगावी लागली ती एलएसडीमुळे नव्हे, गांजामुळे.

४

‘यू आर गॉना मिस मी’ एलिव्हेटर्सने नव्याने ध्वनिमुद्रित केले. १९६६ च्या आरंभी ते प्रसिद्ध झाले आणि ह्यूस्टन येथील ‘इंटरनॅशनल आर्टिस्ट्स’ या कंपनीने पुनः प्रकाशित केल्यावर ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या शंभर गीतांच्या यादीत त्या वर्षी ५५ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. वृंदाला मिळालेले हे सर्वोच्च व्यापारी यश होय. त्याच वर्षी वृंद सॅन फ्रॅन्सिस्कोस गेला व तेथील ॲव्हलॉन बॉलरूमसारख्या सभागृहांत त्याचे कार्यक्रम झाले. टेक्ससमधील एक वृंद कॅलिफोर्नियात नवे संगीत घेऊन आला, ही गोष्ट या संगीताचा इतिहास केवळ सॅन फ्रॅन्सिस्कोपुरता लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यावयास हवी.

१९६६ च्या ऑक्टोबरात ‘द सायकेडेलिक साउंड्स ऑफ द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ ही त्यांची पहिली लाँगप्ले ध्वनिमुद्रिका निघाली. संगीताचे वर्णन म्हणून ‘सायकेडेलिक’ हा शब्द शीर्षकात धारण करणाऱ्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रिकांत तिची गणना होते. वेष्टनावरील निवेदनात हॉलने आपले तत्त्वज्ञान मांडले होते. ॲरिस्टॉटलपासून मनुष्याने ज्ञानाचे अलग अलग कप्पे पाडले आहेत, ही विचारपद्धती ओलांडून वस्तूंतील परस्परसंबंध पाहता आला पाहिजे, आणि रासायनिक द्रव्यांनी मनाची ही अवस्था आणता येते, असा त्याचा आशय होता. या प्रतिपादनातील तत्त्वज्ञान कितपत ग्राह्य आहे हा प्रश्न वेगळा. प्रत्यक्ष परिणाम असा झाला, की एलएसडी घेऊन वादन करणे हा वृंदाचा जवळजवळ आचारधर्म बनला. वॉल्टनला तो पसंत नव्हता. तो आणि थर्मननंतर आलेला बासवादक रॉनी लेदरमन १९६७ साली बाहेर पडले. त्यांच्या जागी नवे वादक घेऊन त्याच वर्षी ‘ईस्टर एव्हरीव्हेअर’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका पूर्ण झाली. तिच्यातील ‘स्लिप इनसाइड धिस हाउस’ हे आठ मिनिटांचे दीर्घ गीत अनेक जाणकार वृंदाची सर्वांत परिपक्व रचना मानतात.

यानंतर घसरण वेगाने झाली. १९६८ साली कंपनीने ‘लाइव्ह’ या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. वस्तुतः ती कोणत्याही मैफलीची नव्हती, तर जुन्या ध्वनिमुद्रणांवर टाळ्यांचा गजर चढविलेला होता. १९६९ साली ‘बुल ऑफ द वूड्स’ निघाली तेव्हा तिच्या रचनेचा मुख्य भार सदरलंडवर पडलेला होता, कारण गायक जवळपास अनुपस्थित होता.

५

१९६८ साली सॅन अँटोनियो येथे ‘हेमिसफेअर’ हे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथील कार्यक्रमात एरिक्सन व्यासपीठावरच असंबद्ध बोलू लागला. ह्यूस्टन येथील मनोरुग्णालयात पॅरनॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजेच संशयग्रस्त छिन्नमनस्कता, असे त्याचे निदान झाले आणि त्याच्या संमतीवाचून विजेच्या धक्क्यांचे उपचार करण्यात आले.

हा आजार एलएसडीमुळे झाला काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. छिन्नमनस्कतेची लक्षणे पुरुषांत बहुधा विशीच्या आसपास प्रकट होतात आणि तिच्या मुळाशी आनुवंशिक प्रवृत्तीसह अनेक कारणे असतात. ज्याच्या ठिकाणी ही प्रवृत्ती आधीच आहे अशा व्यक्तीत मादक द्रव्यांनी आजार उफाळून येऊ शकतो. त्यामुळे एकवीस वर्षांच्या एका तरुणाच्या बाबतीत द्रव्याचा वाटा किती आणि प्रवृत्तीचा किती, याची वाटणी मागाहून करता येत नाही. द्रव्यांनी अपाय केला नाही असे म्हणणे जितके अशास्त्रीय, तितकेच सर्व दोष त्यांच्या माथी मारून मोकळे होणेही अशास्त्रीय होय.

आता कायद्याकडे वळू. १९७३ पर्यंत टेक्ससच्या कायद्याप्रमाणे कितीही अल्प प्रमाणात मारिजुआना, म्हणजे गांजा, बाळगणे हा गंभीर गुन्हा होता व त्यासाठी दोन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितलेली होती. १९६९ साली ऑस्टिन येथे एरिक्सनला अटक झाली ती गांजाची एकच सिगारेट जवळ सापडल्यावरून. दहा वर्षांच्या कारावासाचे भय समोर होते. ते टाळण्यासाठी, आपण विक्षिप्त मनःस्थितीमुळे दोषी ठरत नाही, असा बचाव त्याच्या वतीने घेण्यात आला व न्यायालयाने तो मान्य केला.

या बचावाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सामान्य समजूत अशी, की वेडाच्या कारणाने सुटलेला आरोपी मोकळा होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शिक्षा झालेल्या कैद्याला आपली मुदत ठाऊक असते. या मार्गाने ‘सुटलेल्या’ माणसाला ती ठाऊक नसते. तो बरा झाला असे वैद्य व न्यायालय म्हणेपर्यंत त्याला रुग्णालयात राहावे लागते, आणि तो कैदी नसून रुग्ण असल्यामुळे त्याच्यावर उपचारही करता येतात. आरंभी एरिक्सनला ऑस्टिनच्या सरकारी मनोरुग्णालयात ठेवले. तेथून तो वारंवार पळाला, म्हणून त्याची रवानगी पूर्व टेक्ससमधील रस्क येथे, गुन्हेगार मनोरुग्णांसाठी असलेल्या बंदिस्त विभागात झाली. रस्कचे हे रुग्णालय १९१९ साली एका जुन्या तुरुंगाच्या जागेत सुरू झाले होते. तेथे खून आणि बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांतील रुग्णांच्या संगतीत, गांजाच्या एका सिगारेटसाठी, तो १९७२ च्या अखेरीपर्यंत राहिला.

उपचार म्हणजे क्लोरप्रोमॅझिन आणि विजेचे धक्के. क्लोरप्रोमॅझिन हे औषध १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झाले, १९५२ पासून मनोरुग्णांसाठी वापरात आले आणि अमेरिकेत ‘थोराझिन’ या नावाने विकले गेले. असंख्य रुग्णांना त्याने साखळदंडांतून सोडविले हे निर्विवाद आहे. विजेच्या धक्क्यांचा उपचारही, रुग्णाला गुंगी देऊन आणि त्याची संमती घेऊन, विशिष्ट आजारांत आजही उपयुक्त मानला जातो. म्हणून दोष केवळ साधनांचा नाही. ज्या ठिकाणी रुग्णाला नकार देता येत नाही आणि बाहेर पडण्याची तारीख ठरलेली नाही, त्या ठिकाणी उपचार व शिक्षा यांतील सीमारेषा पुसट होते, हा मूळ प्रश्न आहे.

अशा स्थितीतही त्याने रस्क येथे अन्य रुग्णांना जमवून एक वृंद उभारला, गीते रचली आणि कविता लिहिल्या. त्या कविता ‘ओपनर्स’ या नावाने १९७२ साली प्रसिद्ध झाल्या. सुनावणीनंतर त्याची मुक्तता झाली. आणि वर्षभराच्या आत, १९७३ साली, टेक्ससने कायदा बदलून दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणे हा किरकोळ गुन्हा ठरविला.

६

सुटकेनंतरची त्याची गीते भूत, पिशाच, दैत्य व परग्रहवासी यांनी भरलेली आहेत. १९७५ साली डग साम याच्या देखरेखीखाली निघालेले ‘टू हेडेड डॉग’, तसेच ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’, ‘नाइट ऑफ द व्हॅम्पायर’ ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. पुष्कळ टीकाकारांनी यात रोगाची लक्षणे पाहिली. परंतु ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’ हे १९४३ च्या एका प्रसिद्ध भयपटाचे नाव आहे. एरिक्सन स्वस्त भयपटांचा जुना शौकीन होता आणि त्या सामग्रीतून त्याने जाणूनबुजून गीते बांधली. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या वृंदातील स्टू कुक याने निर्मिलेल्या या गीतांच्या ध्वनिमुद्रिका १९८० व १९८१ साली निघाल्या. त्यांतील चालींची बांधेसूद रचना ऐकली म्हणजे हे काम भ्रमिष्टाचे नव्हे, आपल्या कलेवर पकड असलेल्या रचनाकाराचे आहे, याविषयी शंका राहत नाही.

आजार मात्र खरा होता, आणि तो वाढत गेला. आपल्या देहात मंगळावरील जीवाने प्रवेश केला आहे असे त्याने १९८२ साली जाहीर केले व तसे निवेदन नोटरीसमोर सही करून नोंदविले. मनुष्ये आपल्यावर मानसिक हल्ले करतात. आपण मनुष्य नाही हे अधिकृतपणे नोंदले म्हणजे ते थांबतील, अशी त्याची समजूत होती. ज्याच्या आयुष्याचा निकाल न्यायालयाच्या कागदांनी लागला, त्याने भ्रमातही संरक्षण मागितले ते कागदाचेच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९८९ साली शेजाऱ्यांची टपालाने आलेली पत्रे घेतल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. ती पत्रे त्याने न उघडताच आपल्या भिंतीवर चिकटवून ठेवली होती. आरोप मागे घेण्यात आला.

याच काळात त्याची कीर्ती वाढत होती. १९९० साली आर.ई.एम., झेडझेड टॉप इत्यादि नामांकित वृंदांनी त्याची गीते गाऊन एक गौरव-ध्वनिमुद्रिका काढली. मात्र या गीतांच्या हक्कांतून त्याच्या हाती दीर्घकाळ फारच अल्प पैसा आला. ऑस्टिनच्या परिसरातील लहानशा घरात अनेक रेडिओ व दूरचित्रवाणी संच एकाच वेळी मोठ्याने लावून तो राहत असे. वृद्ध आई आपल्या परीने सांभाळ करी. पण औषधांपेक्षा तिची श्रद्धा प्रार्थनेवर अधिक होती.

२००१ साली न्यायालयाने त्याचा धाकटा भाऊ समनर एरिक्सन यास कायदेशीर पालक नेमले. समनर हा पिट्सबर्ग सिम्फनी या वाद्यवृंदात ट्यूबा वाजवीत असे. त्याने भावाला पिट्सबर्गला नेले, मनोवैद्याचे उपचार चालू केले, किडलेल्या दातांवर इलाज करविला, आणि गीतांचे हक्क व उत्पन्न यांची व्यवस्था लावली. २००५ साली ऑस्टिन येथील मोठ्या संगीतमहोत्सवात एरिक्सन सुमारे वीस वर्षांनंतर प्रथमच पूर्ण मैफल गायिला. त्याच वर्षी त्याच्या जीवनावरील अनुबोधपट पूर्ण झाला. मोटार चालविण्याचा परवानाही त्याने मिळविला. २००७ साली पालकत्वाची गरज संपली आणि त्या वर्षी तो लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गायिला. २०१० साली ओकरव्हिल रिव्हर या वृंदासमवेत ‘ट्रू लव्ह कास्ट आउट ऑल इव्हिल’ ही ध्वनिमुद्रिका निघाली; रस्क येथील काळातील काही जुनी ध्वनिमुद्रणे तिच्यात समाविष्ट आहेत. २०१५ साली एलिव्हेटर्सचे हयात वादक ऑस्टिन येथे पुनः एकत्र आले. ३१ मे २०१९ रोजी तेथेच, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

७

आपल्या भाषेत ‘वेड’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. गाण्याचे वेड, नाटकाचे वेड असे आपण कौतुकाने म्हणतो. भक्तीच्या परंपरेत तर देवाचे वेड किंवा पिसे लागणे हे भाग्याचे लक्षण मानले आहे. त्याच शब्दाने आपण मनोरुग्णाचाही निर्देश करतो. पहिल्या अर्थातील गौरव नकळत दुसऱ्या अर्थात मिसळला, म्हणजे रुग्णाचे दुःख आपल्याला प्रतिभेचे तेज वाटू लागते आणि त्याला वैद्याची गरज आहे हे आपण विसरतो. एरिक्सनच्या चाहत्यांकडून दीर्घकाळ हीच चूक झाली. त्यांना तो वेडा हवा होता.

त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर पहिली कीर्ती देणारे गीत अठराव्या वर्षीचे, तुरुंगवजा रुग्णालयातील वर्षे एकविसाव्यापासून पंचविसाव्यापर्यंतची, आणि नीट देखभाल मिळू लागली ती चोपन्नाव्या वर्षानंतर. मधल्या काळात त्याने जे निर्माण केले ते आजाराच्या कृपेने नव्हे, आजार असूनही केले. योग्य उपचार, नियमित उत्पन्न व आपुलकीने पाहणारे माणूस या तीन गोष्टी त्याला पंचविसाव्या वर्षी मिळाल्या असत्या तर त्याचे गाणे उणे झाले असते, असे मानण्यास काहीही आधार नाही. साठीकडे झुकल्यावर, औषधोपचारानंतर, तो पुनः गायिला एवढी एकच गोष्ट त्या समजुतीचा निरास करण्यास पुरेशी आहे.